प्रोजेक्टर, भिंत आणि निळा खडू

प्रोजेक्टरला काळा रंग दाखवता येत नाही, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का? पांढरा दाखवतो, लाल, हिरवा, निळा दाखवतो. काळा नाही. उजेड फेकणाऱ्या यंत्राने काळोख कुठून फेकायचा? चित्रात जो काळा आपल्याला दिसतो ती नुसती कोरी भिंत असते, शेजारच्या उजेडापुढे काळी वाटते इतकंच. म्हणजे चित्र चांगलं दिसायचं असेल तर निम्मं काम यंत्राने करायचं आणि निम्मं खोलीतल्या अंधाराने.

हे ज्ञान मला निवृत्तीनंतर झालं. साताऱ्यात तीस वर्षं भूगोल शिकवला, पण आमच्या वेळचे प्रोजेक्टर वेगळे. पारदर्शक कागदावर स्केचपेनने नकाशा काढायचा आणि तो त्या दिव्याच्या पेटीवर ठेवायचा. पंखा घरघरायचा, कागद तापून कडेने वर यायचा आणि पहिल्या बाकावरची मुलं त्या गरम हवेत पेंगायची. एक स्लाइड प्रोजेक्टरही होता. बटण दाबलं की 'खटॅक' करून पुढची स्लाइड यायची, आणि दहातली एक हमखास उलटी. तसले प्रोजेक्टर बनवणं कोडॅकनेसुद्धा २००४ साली थांबवलं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण ते धूड जिन्यावरून उचलून नेणाऱ्या आमच्या शिपाईमामांना वाटलं नसावं.

असो. सांगायची गोष्ट ही की, गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी माझ्या पैशाने एक छोटा प्रोजेक्टर विकत घेतला. आता ह्या वयात हिला कोणाला प्रेझेंटेशन द्यायचंय, असं घरात सगळ्यांनी विचारून झालं. तुम्हीही विचाराल. तर त्याचं कारण सांगते.

माझं माहेर पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. आई शेवटपर्यंत 'दक्षिण सातारा'च म्हणायची. तेही बरोबरच होतं. १९४९ साली सांगली, मिरज वगैरे संस्थानं विलीन झाल्यावर जो जिल्हा झाला त्याचं नाव दक्षिण सातारा. 'सांगली जिल्हा' हे नाव १९६० साली आलं. जिल्हे वेगळे झाले तरी नदी काही वेगळी झाली नाही. कृष्णा निघते महाबळेश्वरला, वाईवरून खाली येते, कराडला कोयना तिला मिळते आणि मग ती सांगलीकडे जाते. कोयना धरण १०५ टीएमसीचं, तेही सातारा जिल्ह्यातच. सरळ भाषेत सांगायचं तर पाऊस आमच्याकडे पडतो आणि पाणी माहेरी जातं.

२००५ साली पूर आला तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. आमच्या घराच्या तिसऱ्या पायरीला टेकून ते माघारी गेलं. त्यानंतर गावात सगळ्यांचं एकच माप झालं, 'दोन हजार पाचला इथवर आलं होतं'. त्या मापाच्या भरवशावर लोकांनी घरं वाढवली, गोठे बांधले, धान्याच्या कणग्या ठेवल्या. मग आला ऑगस्ट २०१९. पाणी वाढायला लागलं तेव्हा माझा धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "आक्का, काळजी करू नको. पायरीच्या वर येत न्हाई." आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. भाऊ, वहिनी आणि शेजारचे म्हातारा-म्हातारी तीन रात्री आमच्या माडीवर होते. चार म्हशींची दावी कापून त्यांना सोडून दिलं होतं. तीन सापडल्या.

ह्याबद्दल तो नंतर कधी बोलला नाही. विषय निघाला की गड्याला हाक मारायचा किंवा मोटर चालू करायला जायचा. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा ५० च्या वर गेलं, तेव्हा सगळे वेळेत निघाले. पण निघायचं कधी ह्यावर घराघरांत भांडणं झाली.

भूगोलाच्या बाईला हे बघवत नव्हतं. पुराच्या बातम्यांत आकडे येतात ते आयर्विन पुलाचे. ४० फूट म्हणजे इशारा पातळी, ४५ म्हणजे धोका पातळी. पण आमच्या गावापासून आयर्विन पूल लांब. तिथे ४० फूट झाले म्हणजे आमच्या ओढ्यावर काय झालं, हे ना रेडिओ सांगतो ना टीव्ही. तो हिशोब ज्याने त्याने आपापल्या मनात ठेवलेला. म्हणून मी भाच्याला घेऊन दोन सुट्ट्या गावभर हिंडले. २०१९ चं पाणी कुठवर होतं, २००५ चं कुठवर, हे लोकांना विचारून उपग्रहाच्या चित्रावर दोन रेघा काढल्या. चांगला नकाशा झाला. भाच्याने तो गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. पुष्कळ अंगठे आले, काहींनी हात जोडले, एकाने गुलाबाची फुलं पाठवली. आणि त्यानंतर त्यावर 'शुभ सकाळ' येऊन पडली!

तेव्हा ठरवलं, हा नकाशा गावाला एकत्र बसवून दाखवायचा, आणि तोही पावसाळ्याच्या आधी.

प्रोजेक्टरचं खोकं आलं ते पावशेरी मिठाईच्या डब्यापेक्षा थोडं मोठं. आत फोममध्ये रुतवलेलं यंत्र, एक अडॅप्टर, एक वायर, रिमोट आणि मुंगीच्या अक्षरातलं माहितीपत्रक. हातात घेतल्यावर आधी शंकाच आली, की एवढ्याशा डबीतून गाव कसं दिसणार? मग चौकशी केली तेव्हा कळलं की त्यात नखाएवढी एक चकती असते आणि तिच्यावर लाखो आरसे असतात. प्रत्येक आरसा उजेडाकडे किंवा उजेडापासून दूर असा कलतो, सेकंदाला हजारो वेळा. लाल, हिरवा, निळा असे तीन रंगांचे दिवे आळीपाळीने लागतात आणि आपला डोळा ते एकत्र करून घेतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधल्या लॅरी हॉर्नबेक ह्यांनी १९८७ साली ही चकती बनवली. ते वाचल्यावर मी त्या डबीला जरा मानाने वागवायला लागले. आधी ती टीव्हीच्या बाजूला पडलेली होती, मग देवघराच्या कपाटात ठेवली.

खोक्यावरचे आकडे मात्र नीट वाचावे लागतात. स्वस्तातल्या प्रोजेक्टरवर हजारांत ल्युमेन छापलेले असतात. त्यांना फार अर्थ नसतो. 'आन्सी' ल्युमेन किती ते बघायचं. माझ्या यंत्राचे ५०० आहेत. भर दुपारी वर्गात ते काहीच दाखवणार नाही. अंधारात सहा फूट रुंदीचं चित्र छान दाखवतं. आणखी एक हिशोब ध्यानात ठेवायचा. चित्राची रुंदी दुप्पट केली की उंचीही दुप्पट होते, म्हणजे तोच उजेड चौपट जागेवर पसरतो आणि चित्राचा उजळपणा चौथा हिस्साच उरतो. 'अजून मोठं करा की' म्हणणारा एक माणूस प्रत्येक सभेत असतो. त्याला हे सांगायचं.

आठवडाभर आमच्या हॉलमध्ये तालीम चालली होती. भिंतीवर पांढरी चादर लावली, टेपने अंतर मोजलं. सहा फूट रुंद चित्राला माझं यंत्र सव्वासात फूट मागे ठेवावं लागतं. यंत्र तिरकं ठेवलं की चित्र सुपासारखं होतं, एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद. ते सरळ करायची सोय रिमोटमध्ये असते. पण तसं केलं की यंत्र चित्राचे कोपरे आतल्या आत छाटतं आणि बारीक अक्षरं मऊ पडतात. त्यापेक्षा यंत्रच भिंतीसमोर सरळ ठेवलेलं बरं. खाली उशी किंवा गादी अजिबात नको, गरम हवा बाहेर पडायच्या जाळ्या बंद होतात. तेवढ्यासाठी मी एक पाट काढून ठेवला.

ह्यांनी एका संध्याकाळी चहा घेता घेता विचारलं, "तू नक्की गावालाच चाललीयेस ना, की दौरा काढणार आहेस?" चेष्टा होती, पण मला आवडली. कारण महाराष्ट्रात असे दौरे काढणारे होऊन गेलेत. सिनेमा यायच्याही आधी, १८९२ च्या सुमाराला, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 'शांभरिक खरोलिका' सुरू केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, त्यामागे दिवा, पुढे भिंग. काचेवर काच सरकवून ते चित्रं हलवूनही दाखवत. त्यातल्या काचा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. पुढे जत्रांमधून तंबूतले सिनेमे आले. ट्रकमध्येच प्रोजेक्टर, तंबूत पडदा आणि जमिनीवर बसलेलं गाव. त्या तंबूवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया ह्यांनी काढलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गाजला. आणि सांगलीबद्दल तर काय बोलावं! विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली तिथे 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून त्या मुलखाला पडद्यासमोर बसायची सवय आहे.

ह्या सगळ्यांनी वाहिलेलं ओझं आठवलं आणि माझ्या खांद्यावरच्या पिशवीची मलाच लाज वाटली. डबी, अडॅप्टर, वायरी, दहा मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड, पाट आणि रंगीत खडूंची पेटी. खडू का घेतले? शिक्षकाची सवय. खडूशिवाय घराबाहेर पाऊल पडत नाही.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सांगलीची एसटी पकडली. पेठ नाक्याला हमरस्ता सोडला की हवा बदलते, ऊस सुरू होतो. आष्ट्याला उतरले तर भाऊ मोटरसायकल घेऊन उभा. पिशवी मी मांडीवर घेतली. "त्यात काय हाय एवढं?" त्याने विचारलं. म्हटलं, गाव आहे. तो हसला नाही.

कार्यक्रम प्राथमिक शाळेत होता. तरुण मंडळाने साडेसहाची वेळ कळवलेली. पण मेमध्ये आमच्याकडे सात वाजले तरी उजेड असतो आणि काळा रंग तर गावाकडूनच घ्यायचा होता! मी सांगितलं, साडेसातच्या आधी काही दिसणार नाही. तो मधला तास मला फार आवडला. पोरांनी खिडक्यांना खताची रिकामी पोती बांधली. दाराला कोणीतरी घोंगडं आणून लावलं. बाकं मागे सरकवून सतरंज्या पसरल्या. भिंतीवरचं तिसरीच्या मुलांचं 'प्राण्यांचे आवाज' नावाचं चित्र शाळेच्या बाईंनी स्वतः काढून ठेवलं. एक बाक, त्यावर पाट, पाटाखाली इयत्ता चौथीची चार पुस्तकं, असं करत यंत्र बरोबर उंचीला आलं. हे सगळं करता करता माणसं जमत होती आणि आपापसात बोलत होती. अंधार करायला गाव लागलं म्हणून गाव आधीच तिथे गोळा झालं होतं.

पहिलं चित्र लावलं आणि मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "अरं, ही आपली पाण्याची टाकी." मग सगळे शोधायला लागले. देऊळ, सोसायटी, चिंचेचं झाड, पाटलांची विहीर. आपलं घर वरून बघायची हौस प्रत्येकाला असते. हाच नकाशा सहा महिने सगळ्यांच्या खिशात होता. त्यांनी तो बघितलाही होता. पण खिशातल्या नकाशावर घर शोधलं तर ते कोणाला दाखवायचं? इथे एकाने बोट केलं की चाळीस माना तिकडे वळत होत्या आणि कोणीतरी म्हणत होतं, "न्हाई, ते तुझं न्हाई, ते अलीकडचं." दहा-पंधरा मिनिटं मी गप्प उभी राहिले. वर्गात मी इतकी गप्प कधीच राहिले नव्हते.

मग दोन रेघांचं चित्र आलं. आतली २००५ ची, बाहेरची २०१९ ची. दोन रेघांच्या मधला पट्टा मी पिवळा केला होता. त्या पट्ट्यात किती घरं आहेत हे मी मोजून आणलं होतं, पण सांगायची वेळ आली नाही. लोक स्वतःच मोजत होते. पिवळ्यात कोण आहे ते सगळ्यांना दिसत होतं. 'पायरीच्या वर येत न्हाई' म्हणणारे सगळे पिवळ्यात होते.

शेवटचं चित्र म्हणजे एक कोरा तक्ता होता. डावीकडे आयर्विनचे फूट, ३५ पासून ५८ पर्यंत. उजवीकडे काहीच नाही. मी म्हटलं, हे मला माहीत नाही, तुम्हालाच माहीत आहे. ३५ ला आपल्याकडे काय होतं? ४० ला काय होतं?

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग एक आजी म्हणाल्या, ओढ्याच्या फरशीवर पाणी आलं की आमचं मळ्यातलं जाणं-येणं बंद होतं. ते कितीला? ह्याला उत्तर एकाकडे नव्हतं, तिघांकडे मिळून होतं. एकाला फरशी बुडाल्याची वेळ आठवत होती, दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये त्या दिवशीचा आयर्विनचा आकडा होता, तिसरा म्हणाला, त्याच रात्री मी दूध घेऊन अडकलो होतो. आकडा ठरला. मी लॅपटॉपवर टाइप करायला लागणार इतक्यात एका पोराने माझ्या पेटीतला निळा खडू उचलला आणि थेट भिंतीवर, तक्त्याच्या त्या रकान्यात लिहिलं, 'ओढ्याची फरशी'. शाळेच्या बाईंकडे सगळ्यांनी एकदा बघितलं. त्या म्हणाल्या, "लिहा, लिहा. भिंत रंगवायचीच आहे."

मग खडू हातोहात फिरला. स्मशानभूमी, दूध डेअरीचा उतार, खालच्या आळीतला पहिला उंबरा. दोन ठिकाणी वाद झाला, तिथे प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. वारणेलाही त्या वेळी पूर असेल तर हिशोब बदलतो, असं एका वयस्क गृहस्थांनी सांगितलं. ते अगदी खरं आहे, म्हणून खाली तशी सूचना लिहिली.

जनावरं हलवायचा रकाना राहिला होता. कोणी म्हणे धोका पातळी ४५, तेव्हा ४५. माझा भाऊ दाराशी, घोंगड्याला टेकून उभा होता. तो तिथूनच म्हणाला, "त्रेचाळीस."

सगळे वळले.

"पंचेचाळीसला हलवायचं म्हटलं तर वाटंत पाणी असतंय," तो म्हणाला. "आन् रात्री हलवायचंच न्हाई. उजेडी हलवायचं. पाणी वाढताना आवाज येत न्हाई. आपण झोपल्यालो असतोय, आन् म्हस हंबारती तवा दावणीत पाणी आल्यालं असतंय." एवढं बोलून तो थांबला. मग म्हणाला, "माझ्या चार होत्या."

कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांना ते माहीतच होतं. फक्त त्याच्या तोंडून आलं नव्हतं. त्या पोराने ४३ च्या पुढे लिहिलं, 'जनावरं. दिवसा.' आणि त्याच्याखाली रेघ ओढली.

साडेनवाला मी यंत्र बंद केलं. दिवे लागले. नकाशाही गेला आणि तक्ताही. भिंतीवर राहिली निळ्या खडूची वाकडीतिकडी अक्षरं, ज्यांना आता चौकट नव्हती. तरी लोक ती वाचत उभे होते. कोणीतरी मोबाईलवर फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. ह्या वेळी अंगठे आले नाहीत, दुरुस्त्या आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन प्रश्नचिन्हं मिटलीसुद्धा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडळाने तो तक्ता ऑइलपेंटने शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर रंगवून घेतला. शेजारच्या दोन गावांनी त्याची नक्कल मागितली. त्यांना मी सांगितलं, आमचे आकडे तुम्हाला चालणार नाहीत, तक्ता कोराच घ्या.

तुमच्या गावात असं काही करायचं मनात असेल तर एवढं लक्षात ठेवा. यंत्र भारी नसलं तरी चालतं. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र लांब हवा आणि त्याची तिन्ही भोकं शाबूत हवीत. शाळेतल्या सॉकेटमध्ये आधी मोबाईल लावून वीज आहे का ते बघा. वीज गेली तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. इन्व्हर्टर असलेलं घर शेजारी असतंच. अक्षरं मोठी ठेवा, एका चित्रावर पाच ओळींच्या वर नको. वायर चालण्याच्या वाटेत आली तर तिच्यावर सतरंजी टाका, म्हाताऱ्या माणसांचा पाय अडकतो. रंगीत खडू न्या, भिंतीच्या मालकाची परवानगी घ्या. आणि आपल्याला जे माहीत नाही त्याचा एक रकाना कोरा ठेवून मग गप्प बसा. ते गप्प बसणं थोडं जड जातं, पण जमतं.